दोन ते आठ

नाट्याच्या बंदरात बर्फाचं कौतुक नाही.
लाद्या येतात, फळीवरून घसरतात,
हमीदचाचाच्या घणाखाली चुरा होतात,
सुरमईच्या गालफडात, बांगड्याच्या पोटाशी दाबल्या जातात.
जेवढा जास्त तेवढा बरा.

माझ्या इंजेक्शनच्या खोक्यावर लिहिलंय:
दोन ते आठ अंश. गोठवू नका.
बोट ठेवून तीनदा वाचलं.
आमच्याकडे गोठवायचे पैसे पडतात.

अकरा वर्षं माझी कंबर गावाची होती.
सासू म्हणाली, बाळंतपणाची.
जाऊ म्हणाली, पाटीची.
राजापुरात लाल गोळ्या मिळाल्या, वर सल्ला: विश्रांती घ्या.
घेतली.
विश्रांतीनंच मारलं.
पहाटे तीनला पाठीत कुणी वल्हं ठोकून बसवायचं.
कूस बदलायची तर आधी हात, मग गुडघा,
मग देवाचं नाव,
मग उरलेली मी.
अंगणात इतक्या फेऱ्या, की वाडीतले कुत्रे भुंकायचे थांबले.
आणि लिलावाला जाऊन दोन पाट्या उचलल्या
की सुटायचं सगळं.
म्हणून कुणाला खरं वाटेना.
कामाला धड, निजायला आजारी!

मग एका शिमग्यात डोळा लाल झाला, उजेड सोसेना.
डोळ्याचा डॉक्टर डोळ्यात बघता बघता विचारतो,
पाठ दुखते का हो?
मला वाटलं, ह्याला कुणी सांगितलं.

अणुस्कुरा चढून कोल्हापूर. एसटीत जागा असून उभी.
घोरपडेबाईंनी विचारलं, सकाळी किती वेळ आखडतं?
भाकऱ्या होईपर्यंत.
किती भाकऱ्या?
बारा.
त्यांनी लिहिलं: एक तास.

आधी गोळ्या. सात महिने. पोटात चूल.
मग छातीचा फोटो, हातावर टोचून
आत कुठे क्षय झोपलाय का त्याचा तपास,
कारण हे औषध राखणदारालाच गुंगी देतं, म्हणाल्या,
तुमचा राखणदार घरच्यांनाच चावतोय.
दामूनं होडीचं जुनं मशीन विकलं.
दर पंधरवड्याला एक.

फ्रिज परशा तावड्याच्या दुकानात. थंड्याचा.
सोड्याच्या बाटल्यांमागे माझी पाठ.
पोरं विचारायची, परशाकाका, ते खोकं केवढ्याला?
त्यानं किंमत सांगितली की दार आपोआप लागायचं.

वादळात लाइट दोन दिवस गेली.
हमीदचाचानं थर्मास आणला,
कोळंबीच्या कंपनीतला तापमापक आणला,
बर्फ जुन्या लुंगीत गुंडाळला, मध्ये टॉवेल, मग खोकं.
दर तासाला झाकण उघडून बघायचा. पाच. पाच. सहा.
चाळीस वर्षं बर्फ भिडवत आलो, म्हणाला,
आज पहिल्यांदा सांगतोय, बाबा, लांब राहा.

टोचण्याआधी ते अर्धा तास बाहेर ठेवायचं.
उन्हात नाही, हातात चोळून नाही.
मी धुण्याच्या दगडावर बसते, ते ताटलीत.
दोघंही एकमेकांची थंडी उतरायची वाट बघतो.
मग पोटाची चिमूट, टक् असा आवाज,
आणि दहापर्यंत मोजायचं.
मी मासे मोजते तशी मोजते:
लाभ, दोन, तीन.

जुळले ते मणके जुळलेच, बाई म्हणाल्या.
ते सुटायचे नाहीत.
मान वळत नाही. मागून हाक आली
की मी आख्खी वळते, वाळूत रुतल्या होडीसारखी,
आणि तोवर हाक मारणारा पुढे येऊन उभा असतो.
संध्याकाळी भिंतीला टाच लावून उभी राहते,
डोकं टेकत नाही. चार बोटं उरतात.
गेल्या वर्षीही चारच होती.
हे चांगलं, म्हणे.

तिसऱ्या इंजेक्शननंतरची गोष्ट.
जाग आली तेव्हा कौलाच्या काचेतून ऊन
थेट उशीवर.
लिलाव उरकलेला. पापलेटं गाडीत बसून घाटावर निघालेली.
पाटी रिकामी, दाराशी, जशी रात्री ठेवली तशी.
आणि सासू माझ्या नाकाशी बोट धरून बसलेली.
अकरा वर्षांत पहिल्यांदा,
खरोखरच्या काळजीनं,
तिनं विचारलं:
बरं नाही का गो तुला?